इम्प्रेलिस

हिरवळीतील रुंद पानांच्या तणांसाठी अमेरिकेत २०१० साली नोंदणी मिळालेले आणि वर्षभरातच विक्रीतून काढावे लागलेले तणनाशक. उत्पादक ड्यूपाँ कंपनी. क्रियाशील घटक अमिनोसायक्लोपायराक्लोरचे पोटॅशियम लवण. माणूस, पाळीव प्राणी, पक्षी आणि मासे यांच्या दृष्टीने हे रसायन बरेच सौम्य ठरले होते. झाडांच्या बाबतीत मात्र नोंदणीपूर्व तपासणीत मोठी फट राहिली. त्यामुळे नव्या तणनाशकाच्या सुरक्षितता-मूल्यमापनाची चर्चा निघाली की हे नाव हटकून पुढे येते.

अमिनोसायक्लोपायराक्लोर हे पिरिमिडीन कार्बोक्सिलिक आम्लांच्या गटातले. वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाची ते नक्कल करते. वाढ बेताल होते, देठ पिळवटतात, शेंडा मरतो. उसात मारलेले २,४-डी हे तणनाशक वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले की पाने अरुंद होऊन आकसतात, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. कुळी तीच, पण जोर कितीतरी अधिक. हिरवळीवर २,४-डी एकरी ६८० ग्रॅमपर्यंत वापरतात. इम्प्रेलिसची मात्रा होती एकरी साडेचार द्रव औंस, म्हणजे सुमारे १३३ मिलिलिटर, आणि त्यात क्रियाशील घटक जेमतेम ३२ ग्रॅम. डँडेलियन, क्लोव्हर यांच्याबरोबर ग्राउंड आयव्ही आणि रानव्हायोलेट ही चिवट तणेही त्याने जात. एवढ्याशा औषधात काम होते, म्हणून पर्यावरणाला कमी जाच करणारे अशी त्याची जाहिरात झाली. पण ग्रॅम कमी म्हणजे धोका कमी, हे गणित मुळातच कच्चे आहे. शिवाय हे रसायन पानांतून शोषले जाते तसे मुळांतूनही. मातीच्या कणांना ते घट्ट धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकते.

अमेरिकेत कीडनाशकांची नोंदणी १९४७ च्या संघीय कायद्याखाली होते. १९७० पासून ते काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे (ईपीए) आहे. रसायन निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र हा कायदा मागत नाही. लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरल्यास माणसावर वा पर्यावरणावर अवाजवी दुष्परिणाम होणार नाहीत एवढेच तो पाहतो. म्हणून तिथे लेबलला कायद्याचे वजन असते आणि त्यातल्या सूचना डावलून फवारणी करणे हा गुन्हा ठरतो. चाचण्या अर्जदार कंपनी स्वतःच्या खर्चाने करते, ईपीए त्यांचे निष्कर्ष तपासते. उंदीर आणि कुत्रे यांना इजा न करणारी मात्रा घेऊन माणसासाठी तिचा साधारणपणे शंभरावा भाग धरतात. पक्ष्यांसाठी बॉबव्हाइट लावा आणि मॅलार्ड बदक, जलचरांसाठी रेनबो ट्राउट, ब्लूगिल आणि डॅफ्निया, कीटकांसाठी मधमाशी. या फळीत अमिनोसायक्लोपायराक्लोर फारसे कुठे अडले नाही.

अडचण वनस्पतींच्या चाचणीत होती. ठरलेल्या पद्धतीनुसार दहा जातींची रोपे घेतात: सहा द्विदल, चार एकदल. त्यांत मका आणि सोयाबीन असतात, एखादे कंदमूळवर्गीय पीक असते. उगवण आणि रोपांचा जोम काही आठवडे मोजून रोपाची वाढ २५ टक्क्यांनी खुंटवणारी मात्रा काढतात. शेजारच्या जमिनीवर पडू शकणाऱ्या अंदाजित मात्रेला तिने भागायचे. उत्तर एकच्या वर गेले की धोका मानायचा. तणनाशकाच्या बाबतीत ते बहुधा वर जातेच, कारण वनस्पती मारणे हेच त्याचे काम. त्यामुळे या निकालाने कोणी दचकत नाही. फवारा उडू देऊ नका, अमुक अंतर सोडा, अशी वाक्ये लेबलवर घालून प्रश्न मिटवला जातो. दहा जातींच्या त्या यादीत वृक्ष नाही, सूचिपर्णी तर नाहीच. कुंडीतले तीन आठवड्यांचे सोयाबीनचे रोप पाहून, ज्याची मुळे वर्षानुवर्षे हिरवळीखाली पसरली आहेत अशा तीस फुटी स्प्रूसचे काय होईल, हे सांगता येत नाही. आणि अमेरिकेतल्या लॉनवर झाड असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

लेबलमधले एक कलम या संदर्भात वाचण्याजोगे आहे: फवारलेल्या हिरवळीचे कापलेले गवत कंपोस्टमध्ये घालू नये. हे शहाणपण आले होते त्याच धाटणीच्या क्लोपिरॅलिड या तणनाशकापासून. त्याचे अंश असलेले गवत वॉशिंग्टन राज्यात कंपोस्टमध्ये गेले, ते खत घातलेल्या टोमॅटो-वाटाण्याची पाने वाकडी झाली, आणि २००२ मध्ये घरगुती हिरवळीवरचा त्याचा वापर उत्पादकाने मागे घेतला. घडून गेलेल्या अपघाताची दखल लेबल घेत होते. कापलेल्या गवतात औषध टिकते हे ठाऊक होते, तर त्याच गवताखालच्या मुळांचे काय, हा प्रश्न फार लांबचा नव्हता.

ऑगस्ट २०१० मध्ये ईपीएने दिलेली नोंदणी सशर्त होती. १९७८ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीनुसार काही माहिती यायची बाकी असतानाही, जनहित असल्यास, नवे रसायन बाजारात येऊ शकते. भारताच्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातील दोन वर्षांच्या तात्पुरत्या नोंदणीशी तिचे नाते लांबून जुळते. अमेरिकेत राज्यांचीही परवानगी लागते. बहुतेक राज्यांनी ती दिली. स्वतःची वेगळी छाननी करणाऱ्या न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात इम्प्रेलिस विक्रीस आले नाही. औषध मातीत न थांबता भूजलात उतरते, हे न्यूयॉर्कचे कारण होते. झाडांचा त्यात उल्लेख नव्हता, पण नेमक्या त्याच गुणामुळे पुढे झाडे मेली.

२०११ च्या वसंतात परवानाधारक हिरवळ-व्यावसायिकांनी इम्प्रेलिस फवारले आणि काही आठवड्यांत मध्य-पश्चिम व ईशान्य राज्यांतून तक्रारी येऊ लागल्या. नॉर्वे स्प्रूस आणि व्हाइट पाइन यांची नवी पालवी वाकडीतिकडी होई, तपकिरी पडे. नुकसान बहुधा शेंड्यापासून सुरू होऊन खाली येई. औषध नीट मिसळले नसेल, दुसऱ्या तणनाशकाबरोबर मारले असेल, असा कंपनीचा सुरुवातीचा सूर होता. जूनमध्ये तिने व्यावसायिकांना पत्र पाठवून या दोन झाडांजवळ फवारू नका असे कळवले, ऑगस्टच्या आरंभी विक्री थांबवली. ११ ऑगस्टला ईपीएने विक्री, वापर आणि वाहतूक रोखणारा आदेश काढला. आधाराचा मुद्दा तांत्रिक वाटला तरी नेमका होता: लेबलवरच्या सूचना पाळूनही झाडे मरत असतील तर ते लेबल अपुरे, आणि अपुऱ्या लेबलचा माल कायद्याने विकता येत नाही. तोवर सात हजारांहून अधिक नुकसानीचे अहवाल दाखल झाले होते.

सप्टेंबर २०१४ मध्ये ड्यूपाँने १८,५३,००० डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. संभाव्य दुष्परिणामांबाबतचे अहवाल नोंदणीच्या अर्जासोबत न देण्याचे १८ प्रसंग घडले, आणि सदोष लेबलचा माल ३२० हून अधिक वेळा वितरित झाला, असे ईपीएचे म्हणणे होते. ते अहवाल हाती असते तर झाडांना वाचवणारे लेबल करता आले असते, हेही संस्थेने नमूद केले. मूल्यमापनाचा खरा कच्चा दुवा इथे दिसतो. यादीत नसलेली जात नियामकाला दिसत नाही. कंपनीला ती आपल्या प्रयोगशेतात दिसू शकते. त्यामुळे दिसलेले कळवण्याचे कंपनीवरचे बंधन हा या रचनेचा मुख्य आधार ठरतो. कंपनीला खरा चटका मात्र दंडाचा बसला नाही. फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयातील सामूहिक दावा २०१३ मध्ये मिटला. मेलेली झाडे काढणे, नवी लावणे, आजारी झाडांची निगा आणि भरपाई यांपोटी कंपनीला शंभर कोटी डॉलरहून अधिक तरतूद करावी लागली. शेजारी ठेवल्यास दंडाची रक्कम किरकोळच दिसते. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सशर्त नोंदण्यांचा ईपीएकडचा हिशेब विश्वासार्ह नसल्याचा अहवाल दिला.

बंदी आली ती इम्प्रेलिसवर. मूळ रसायनावर आली नाही. रस्त्यांच्या कडा आणि मोकळ्या जागा साफ ठेवण्यासाठी अमिनोसायक्लोपायराक्लोर इतर नावांनी विकले जात राहिले. ओरेगन राज्यात सिस्टर्स गावाजवळ महामार्गाच्या कडेला २०१३ ते २०१५ दरम्यान त्याची फवारणी झाली आणि पाँडेरोसा पाइन वाळू लागले. दोन हजारांच्या आसपास झाडांचे नुकसान झाल्यावर राज्याच्या कृषी खात्याने त्याच्या वापरावर निर्बंध घातले.