चित्र पानात नसतंच!

छापलेल्या पानावर फोटो दिसतो, म्हणजे ते पान ज्या फाइलीत जुळवलं त्या फाइलीतही तो असणार, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो तिथे नसतो. तिथे असते नुसती एक चिठ्ठी. अमुक फोटो अमुक ठिकाणी ठेवलाय, तो इथे एवढ्या आकारात बसवा. या चिठ्ठीला हल्ली 'लिंक' म्हणतात. पण ही चिठ्ठी संगणकाहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास मला भलताच रंजक वाटतो.

खिळ्यांच्या जमान्यात हा प्रकार नव्हता. फोटोचा जस्ताचा ब्लॉक करायचा, तो लाकडी ठोकळ्यावर बसवायचा आणि खिळ्यांच्या शेजारीच आवळायचा. चित्र खरोखरच पानात असायचं. (मात्र ते शिशाचं ओझं उचलून परगावी कोण पाठवणार?) ऑफसेट आलं आणि मजकूर व चित्र यांची ताटातूट झाली. मजकुराचे ब्रोमाइड कापून कार्डावर चिकटवायचे आणि फोटोच्या जागी त्याची साधी प्रत किंवा नुसती चौकट ठेवायची. इंग्रजी कामात त्या प्रतीवर 'एफपीओ' लिहीत, म्हणजे 'फक्त जागा दाखवण्यापुरतं'. मूळ फोटो वेगळ्या पाकिटातून जायचा, मागे पान क्रमांक आणि टक्केवारी लिहून. त्याची जाळीदार निगेटिव्ह निघायची आणि ती मजकुराच्या निगेटिव्हला जोडली जायची. पाकिटांची अदलाबदल झाली की एकाच्या श्रद्धांजलीत दुसऱ्याचा हसरा चेहरा!

मग १९८५ साली ऑल्डस कंपनीचं पेजमेकर आलं. (ऑल्डस हे नाव व्हेनिसचा जुना मुद्रक ऑल्डस मॅन्युशियस याच्यावरून घेतलेलं.) पडद्यावर सगळं पान एकत्र दिसू लागलं. आता ताटातूट संपली असं वाटावं, पण संपली नाही. कारण साधं होतं, जागा. हिशेब करून बघा. ए-फोर आकाराचा, ३०० डीपीआयचा, छपाईच्या चार रंगांतला फोटो म्हणजे सुमारे ३५ एमबी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर न्यायचा तर पंचवीसेक फ्लॉप्या. नंतर १०० एमबीची झिप डिस्क आली, तीवरही असे दोनच मावायचे. टेलिफोनच्या तारेवरून ५६ केच्या मोडेमने पाठवायचा तर सगळं सुरळीत चालूनही दीड तास कुठेच गेला नाही. असे चाळीस फोटो पानांच्या फाइलीत कोंबणार कसे? म्हणून फाइलीत एक अंधुक प्रतिमा आणि मूळ फोटोचा पत्ता. थोडक्यात, जुनंच एफपीओ.

ऑल्डसनेच पुढे 'ओपीआय' नावाची पद्धत काढली. तिच्यात जड फोटो छपाईपूर्व काम करणाऱ्यांकडेच राहायचा, चित्रकाराला हलकी प्रत मिळायची आणि फिल्म काढताना यंत्र आपोआप अदलाबदल करायचं. क्वार्कएक्सप्रेसमध्ये सगळ्या जोडफाइली एका जागी गोळा करायची सोय आली. १९९९ साली आलेल्या इनडिझाइनमध्ये तिला 'पॅकेज' म्हणतात. पानांची फाइल, फोटोंचं 'लिंक्स' फोल्डर आणि फॉन्ट, असा गठ्ठा बांधून मिळतो.

गावं वेगळी असली की दोन रोग होतात. पहिला, फोटो हरवणं. माझ्या यंत्रावरचा पत्ता तुमच्या यंत्रावर नसतो, त्यामुळे लाल प्रश्नचिन्ह येतं. दुसरा, फोटो बदलणं. तिकडे कुणीतरी त्याच नावाने सुधारित फोटो ठेवलेला असतो, त्यामुळे पिवळा त्रिकोण येतो. पहिला जास्त फसवा, कारण अंधुक प्रतिमा पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसते. छापल्यावर मात्र चेहऱ्याचे चौकोन!

आम्हा मराठी माणसांना तिसराही रोग होता, फॉन्टचा. युनिकोड रुळण्याआधीचे आपले बहुतेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून केलेले. फॉन्ट बरोबर गेला नाही की 'श्रीगणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. म्हणजे आपल्याकडे चित्रच काय, मजकूरही पानात नव्हता!

२००१ साली छपाईसाठी पीडीएफ/एक्स-१ए हे प्रमाण आलं. त्यात फॉन्ट आणि फोटो फाइलीच्या आतच असावे लागतात, ओपीआयची चिठ्ठी चालत नाही. म्हणजे खिळ्यांनंतर चित्र पुन्हा पानात आलं. छापखान्यांचा जीव भांड्यात पडला. पण पीडीएफ म्हणजे शिजलेली खिचडी. खायला उत्तम, पण तिच्यातून तांदूळ नि डाळ परत जसेच्या तसे वेगळे काढणं कठीण. पुढची आवृत्ती करायची तर कच्चा शिधाच लागतो.

हे सगळं इतकं घोळून लिहिण्याचं कारण आपल्या घरातलंच आहे. आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती करायला घेतली तेव्हा मागच्या आवृत्तीची सीडी सापडली. त्यात पेजमेकरची फाइल होती, पण फोटो नव्हते. ते त्या वेळी दुसऱ्या यंत्रावर राहिले आणि ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं. मूळ फोटो ज्याच्या त्याच्या घरी परत गेले. त्यांतले काही वाडा पाडताना गेले. पणजीचा एकमेव फोटो आता त्या फाइलीतल्या अंधुक प्रतिमेपुरता आणि छापील पुस्तकातल्या ठिपक्यांपुरता उरलाय. जागा दाखवण्यापुरतं ठेवलेलं चित्र हेच आता मूळ चित्र झालंय.

म्हणून पुण्यात पानं लावणाऱ्या ताईला आणि न्यूजर्सीत फोटो साफ करणाऱ्या दादाला एकच विनंती. एकच सामायिक फोल्डर ठेवूया. फोटोला एकदा नाव दिलं की ते बदलायचं नाही. नावात 'नवीन', 'फायनल', 'फायनल२' नकोत, व्यक्तीचा वंशावळीतला क्रमांक असू दे. आणि काम संपल्यावर नुसती पीडीएफ नाही, सगळा गठ्ठा किमान तीन घरी ठेवायचा. फॉन्ट युनिकोडच वापरूया. जुन्या टाइप-१ फॉन्टना तर ऍडोबीनेही २०२३ साली रजा दिली.

बाकी नातेवाईक मंडळींनो, तुमच्या ट्रंकेत, अल्बममध्ये किंवा देवघरातल्या फ्रेममागे पणजीचा फोटो आहे का, जरा बघाल? फोटो कळवा, घाई नाही. पण ट्रंक आवरायला काढाल तेव्हा आधी बघा, मग रद्दीवाल्याला बोलवा.