कोकणातल्या लाँचचा गिअर आणि त्याचा आवाज

मोटारबोटीतला गिअरबॉक्स इंजिन आणि पंख्याचा दांडा यांच्यामध्ये बसतो. बोट पुढे नेणे, मागे घेणे आणि इंजिन चालू ठेवून जागीच थांबवणे ही त्याची उघड दिसणारी कामे. इंजिनाचे फेरे निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर आणणे आणि पाणी मागे लोटताना पंख्याने दिलेला रेटा अंगावर घेणे, ही न दिसणारी.

वाफेच्या बोटींना या पेटीची गरजच नव्हती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी कोकण किनाऱ्याने धावत, त्या काळी झडपांची वेळ बदलली की तेच इंजिन उलटे फिरे. स्वीडनच्या बोलिंडर बनावटीची सुरुवातीची तेल-इंजिनेही थेट उलटवता येत: फेरे मंद झाले की इंधन अवेळी सोडायचे आणि दट्ट्याला माघारी ढकलायचे. तो नेम चुकला तर बोट सरळ धक्क्यावर आदळे.

डिझेल इंजिन मच्छीमारांपर्यंत पोचले ते स्वातंत्र्यानंतर. केरळातल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार १९५२ मध्ये झाला. त्याच दशकात सातपाटी, वर्सोवा भागातल्या मचव्यांमध्येही इंजिने बसू लागली. त्या पिढीच्या अनेक इंजिनांना हाताच्या दांड्याने चालणारा गिअर असे. पुढे जाताना त्यातला दातेरी चाकांचा संच एकत्र जखडून अखंड फिरे. मागे घेताना बाहेरच्या पिंपाला पट्टा आवळला जाई आणि तेव्हाच दाते एकमेकांवर चालत. त्यामुळे निदान सोपे होते. घरघर फक्त मागे घेताना आली तर दोष छोट्या चाकांत किंवा त्यांच्या बुशात. पुढे जातानाही तीच घरघर असेल तर हा संच सोडून बेअरिंग, फेरे कमी करणारी पुढची जोडी किंवा पंख्याचा दांडा तपासायचा.

पुढे चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरला तयार होणारी अशोक लेलँडची इंजिने कोकणच्या ट्रॉलरवर आली. १९४८ मध्ये अशोक मोटर्स म्हणून सुरू झालेल्या या कंपनीचे नाव १९५५ मध्ये बदलले. मालमोटारीच्या घराण्यातले इंजिन जलद फिरते, म्हणून फेरे कमी करणारा, तेलाच्या दाबावर क्लच धरणारा गिअरबॉक्स आवश्यक ठरला आणि आवाजाचे मूळही सरकले. फ्लायव्हील आणि गिअर यांच्यामध्ये स्प्रिंगांची डँपर प्लेट असते. मंद गतीत इंजिन धक्क्याधक्क्याने फिरते. स्प्रिंगा सैल झाल्या की ते धक्के दात्यांवर जातात आणि न्यूट्रलमध्ये खडखड ऐकू येते. फेरे थोडे वाढवताच ती थांबली तर दातेरी चाके बहुधा शाबूत असतात. अशा वेळी अख्खी पेटी उघडणे हा निव्वळ खर्च.

फेऱ्यांबरोबर चढत जाणारी, न्यूट्रलमध्येही टिकणारी घरघर इंजिनाकडच्या बेअरिंगची असू शकते. गिअर टाकल्यावरच ती येत असेल, तर दोष पंख्याकडच्या बाजूला शोधावा. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पेटीवर आणि मूठ कानाला लावून जागा ठरवण्याची पद्धत जगभरच्या मेकॅनिकांची आहे. तेल मात्र कानापेक्षा जास्त सांगते. पांढुरके तेल म्हणजे पाणी शिरले, बहुतेक वेळा कूलरमधून. तेलात चमकणारा पोलादी कीस म्हणजे दाते किंवा बेअरिंग झिजत आहे.

तरीही जुन्या लाकडी बोटीत संशयाची पहिली जागा पेटीच्या बाहेर असते. पंख्यात अडकलेला जाळ्याचा तुकडा किंवा वाकलेले पाते दांड्याला थरथरवते आणि आवाज गिअरमधून आल्यासारखा वाटतो. त्यात पावसाळ्याची भर पडते. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत आणि आता कायद्याने १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. जमिनीवर बोटीचे वजन मोजक्या टेकूंवर येते, लाकूड सुकते आणि सांगाडा किंचित वाकतो. तिथे अचूक जुळवलेले, गिअर आणि पंख्याचा दांडा जोडणारे कपलिंग बोट पाण्यात उतरताच चुकते. म्हणून अखेरची जुळवणी बोट तरंगती असताना, लाकूड पाणी पिऊन फुगल्यावर करतात: बोल्ट सोडून कपलिंगच्या दोन्ही चकत्यांमधली फट फिलर गेजने चारही बाजूंनी मोजायची. व्यासाच्या दर इंचामागे इंचाच्या हजाराव्या भागाएवढा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर इंजिनाच्या पायाखालच्या पट्ट्या बदलायच्या. फायबरच्या बोटींत सांगाडा इतका हलत नाही, पण इंजिन रबरी पायांवर असेल तर रबर दबत जाते आणि तिथेही हीच मोजणी पुन्हा करावी लागते.