अमानत आणि हिशेब



हिजरतीचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इ. स. ६२२ मध्ये हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मक्केहून मदिनेस निघाले, तेव्हा लोकांच्या ठेवी त्यांच्यापाशी होत्या. त्या ज्याच्या त्याला पोचविण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. जिवावर बेतले असतानाही अमानतीचा विसर पडला नाही.

परंतु विश्वास म्हणजे तोंडी कारभार, असा अर्थ कोणी काढू नये. कुराण शरीफातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) कर्जाच्या देवघेवीविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे.

आपल्या देशातील वक्फचा इतिहासही हेच शिकवितो. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावे कायमची राखून ठेवलेली मालमत्ता. मुतवल्ली तिचा मालक नव्हे, राखणदार. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील एका खटल्यात कुटुंबासाठी केलेला वक्फ अवैध ठरविला. त्यातील गरिबांचा वाटा केवळ नावापुरता आहे, असे न्यायाधीशांचे मत पडले. कुटुंबाचा सांभाळ हेही शरीअतीत पुण्यकर्मच असल्याने समाजात असंतोष पसरला. मौलाना शिबली नोमानी यांनी लोकमत जागे केले. मुंबईचे बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी १९११ मध्ये विधेयक मांडले आणि १९१३ च्या कायद्याने असे वक्फ वैध ठरले.

हक्क मिळाला, पण तेवढ्याने भागले नाही. सार्वजनिक वक्फांच्या कारभाराविषयी तक्रारी होत्याच. म्हणून १९२३ च्या कायद्याने मुतवल्लींवर मालमत्तेचे विवरण व दरसालचा तपासलेला हिशेब न्यायालयात दाखल करण्याचे बंधन घातले. पुढे मुंबई राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला; नोंदणी आणि हिशेब-तपासणी सर्वच धर्मांच्या संस्थांना लागू झाली. कायद्याने कारभाऱ्याला नाव दिले तेही 'विश्वस्त'!

वाचकहो, आपली शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे सारे अनेकांच्या लहानमोठ्या देणग्यांवर उभे राहते. देणगी दिली की पावती मागा, वार्षिक सभेला या, ताळेबंद वाचा. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक कार्यकर्त्याला त्याने बळच मिळते. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या संस्थेच्या चाव्या तुमच्या हाती येतील. तेव्हा मन साफ ठेवा आणि वहीही साफ ठेवा.