वैयक्तिक संगणकांची गतिस्पर्धा

वैयक्तिक संगणकातील सूक्ष्मप्रक्रियकाची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या घटिका-स्पंदांची संख्या, वाढवून ग्राहक मिळविण्यासाठी उत्पादकांत झालेली चढाओढ. तिचा काळ सामान्यतः १९८१ ते २००४ असा धरता येतो. कंप्रता मेगॅहर्ट्‌झमध्ये (दर सेकंदास दहा लक्ष स्पंद) मोजतात. कामाचा प्रत्यक्ष वेग मात्र कंप्रता व एका स्पंदात पार पडणाऱ्या आज्ञांची सरासरी संख्या यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. स्पर्धेत पहिल्या घटकालाच महत्त्व आले.

आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील संगणकाची कंप्रता ४·७७ मेगॅहर्ट्‌झ होती. त्याच धर्तीचे संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी ती ८ ते १० मेगॅहर्ट्‌झपर्यंत नेली. स्पंदांवरून वेळ मोजणारे जुने कार्यक्रम अशा यंत्रांवर अवाजवी वेगाने चालत. म्हणून कंप्रता बदलण्यासाठी ‘टर्बो’ बटन बसवीत. १९८६ मध्ये कॉम्पॅकने ८०३८६ प्रक्रियकाचा १६ मेगॅहर्ट्‌झचा संगणक आयबीएमच्या आधी बाजारात आणला. पुढे स्पर्धेचे केंद्र इंटेल व एएमडी या प्रक्रियक-उत्पादकांकडे सरकले. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचा इंटेलच्या पेंटियमच्या (१९९३) आणि नंतर एएमडीच्या के-६ च्या (१९९७) विकासात प्रमुख वाटा होता. ६ मार्च २००० रोजी एएमडीने व दोनच दिवसांनी इंटेलने १,००० मेगॅहर्ट्‌झचा टप्पा गाठला.

महाराष्ट्रात १९९० नंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील छोटे व्यावसायिक संगणक जुळवून देऊ लागले. भाग निरनिराळ्या कंपन्यांचे असल्याने तुलनेसाठी ग्राहकाच्या हाती बहुधा कंप्रतेचा आकडाच असे. परंतु स्मृतीची क्षमता अपुरी असल्यास मोठ्या आकड्याचा प्रक्रियक घेऊनही संगणक मंदच राही.

१,४०० मेगॅहर्ट्‌झचा पेंटियम ४ (२०००) अनेक कामांत १,००० मेगॅहर्ट्‌झच्या पेंटियम ३ पेक्षा सरस ठरला नाही. शिवाय कंप्रता व विद्युत् दाब यांबरोबर उष्णताही वाढते. यामुळे २००४ मध्ये इंटेलने ४,००० मेगॅहर्ट्‌झच्या प्रक्रियकाची योजना रद्द केली आणि २००५ पासून एका प्रक्रियकात अनेक गाभे बसविण्याकडे उद्योगाचा कल झाला.

काम अनेक प्रक्रियकांत वाटून देण्याची पद्धत महाराष्ट्रात त्यापूर्वीच रुजली होती. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्याने पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ (१९९१) आणि ठाण्याच्या खाडीकाठी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ हे महासंगणक बाजारात मिळणारे प्रक्रियक समांतर जोडून उभारले. ‘अनुपम’च्या नंतरच्या काही आवृत्त्यांत वैयक्तिक संगणकांतील पेंटियम प्रक्रियकच वापरण्यात आले.