काँक्रीट कापताना उडणारी धूळ: तोंडाला रुमाल बांधून का भागत नाही?

गावात आधी सिमेंटचा रस्ता होतो आणि मग नळाची पाइपलाइन येते. हा उलटा क्रम बुलढाणा जिल्ह्यातच काय, राज्यभर ओळखीचा आहे. मग कटर मशीन येतं, नवा रस्ता कापला जातो आणि मशीन धरणारा माणूस पांढऱ्या धुळीत दिसेनासा होतो. तोंडाला फार तर रुमाल. घरात वायरिंगसाठी भिंतीला झिरी मारताना, फरशी कापताना हेच छोट्या ग्राइंडरवर चालतं, तेही चार भिंतींच्या आत.

या धुळीत असतं काय?

गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ. हे सिलिकाचं स्फटिकरूप. आपल्या भागातली खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असते आणि त्यात मोकळं क्वार्ट्झ कमी असतं, हे खरं. पण काँक्रीटमध्ये नदीची वाळूही असते आणि तिच्यात ते भरपूर सापडतं. ग्रॅनाइटमध्येही असतं. ओट्यासाठी मिळणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये तर ९० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून जास्त. ऑस्ट्रेलियाने अशा लाद्यांवर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली.

डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात अडकते, शिंकेतून बाहेर पडते. खरा धोका काही मायक्रॉनच्या कणांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. हे कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. तिथे व्रण होतात, फुप्फुस कडक होत जातं. हाच सिलिकोसिस. त्यावर बरं करणारं औषध नाही आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी दिसतो, पण धूळ फार असेल तर काही वर्षांतच. शिवाय १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणची ही धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

अमेरिकेतल्या २०१६ च्या नियमानुसार आठ तासांच्या कामात एक घनमीटर हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका चालत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. म्हणजे तेवढ्या हवेत जेमतेम दीड मिलिग्रॅम. वजनाने मिठाचे वीस-पंचवीस दाणे!

पाणी मारा, पण पात्यावर

सगळ्यात प्रभावी उपाय स्वस्त आहे: पातं जिथे काँक्रीटला लागतं तिथेच सतत पाणी. आधी रस्ता ओला करून ठेवल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण पातं खाली कोरड्या भागात घुसतं. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा, मेहकर भागातून जातो. अशा काँक्रीट रस्त्यांचे सांधे कापणाऱ्या ढकलत्या मशीनला पाण्याची टाकी असतेच. अडचण येते ती हातातल्या कटरची.

"एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर, कटरला पाणी कुठून आणू?" हा प्रश्न आपल्याकडे खोटा नाही. पण हातातल्या कटरला लागतं मिनिटाला साधारण अर्धा लिटर. २० लिटरचा एक जार ४० मिनिटं पुरतो. पाणी पिण्याचंच हवं असं नाही, नळी तुंबणार नाही इतपत गाळलेलं असलं की झालं. कापून झाल्यावरचा चिखल ओला असतानाच उचला. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते.

एक धोक्याची सूचना: साध्या इलेक्ट्रिक ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नका, शॉक बसून जीव जाईल. पाण्यासाठी बनवलेलं मशीनच वापरा आणि लाइनला आरसीसीबी लावा. झिरी मारताना पात्यावर झाकण आणि त्याला बारीक धूळ पकडणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्युम, हा कोरडा पर्याय आहे. तो महाग पडतो, पण रोज हेच काम करणाऱ्याने घ्यावा.

मास्क कोणता?

रुमाल, गमछा, सर्जिकल मास्क यांतून बारीक कण सरळ जातात. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्या. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. मात्र ४४ अंशांच्या उन्हात मास्क दिवसभर कुणी ठेवत नाही, म्हणून पाणी आधी, मास्क नंतर.

मशीन बंद झालं तरी एक मायक्रॉनचा कण खाली बसायला काही तास घेतो. त्यामुळे कोरडा झाडू नको, ब्लोअर तर नकोच. बहुतेकदा झाडायला मजूर बाईला सांगतात आणि तिला मास्क कुणी देत नाही. कामाचे कपडे घरात झटकू नका.

खोकला जात नसेल तर

दम लागणं, कोरडा खोकला, वजन घटणं ही लक्षणं टीबीसारखीच दिसतात, एक्स-रेमध्येही गल्लत होते. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते. डॉक्टर विचारोत न विचारोत, "मी इतकी वर्षं काँक्रीट कापतो" हे स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ मध्ये सिलिकोसिस व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता. भरपाई मागताना कामाचा पुरावा लागतो. १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. ती आजारी पडण्याआधीच करून ठेवावी.