अणुयुद्ध, नागरिक आणि कर्तेपणाचे मापन

अणुयुद्धावर आपले काही चालते का, असे नागरिकाला विचारून त्याच्या उत्तराला गुण देता येतात, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी मानसशास्त्राने रुजवली. त्या मापनाची भाषा तौलनिक अभ्यासकाच्या आस्थेचा विषय व्हायला हवी; कारण प्रश्नावली हीही एक संहिताच असते आणि कर्ता, क्रिया व नियती यांची मांडणी तिच्यात आधीच ठरलेली असते.

या परंपरेचा एक उगम ज्युलियन रॉटर यांच्या १९६६ मधील नियंत्रणस्थानाच्या मापनश्रेणीत आहे. तीत विधानांच्या २९ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतून एकाचीच निवड सक्तीची, आणि ६ जोड्या केवळ हेतू झाकण्यासाठी. युद्धाविषयीची जोडी लक्षणीय आहे. लोक राजकारणात पुरेसे लक्ष घालत नाहीत हे युद्धांचे एक मोठे कारण, असे पहिले विधान सुचवते. कितीही प्रयत्न केले तरी युद्धे टळणार नाहीत, असे दुसरे. पहिले निवडणे हे आंतरिक नियंत्रणाचे लक्षण, दुसरे बाह्य नियंत्रणाचे. युद्ध टाळता येईल, पण ते टाळण्याची सत्ता माझ्या हाती नाही, असे म्हणू पाहणाऱ्याला तेथे जागाच नव्हती.

ही उणीव प्रथम जाणवली ती मात्र अण्वस्त्रांच्या संदर्भात नव्हे. १९६९ मध्ये पॅट्रिशिया गुरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवले की, आपल्या स्थितीचा दोष समाजव्यवस्थेला देणारे हताश नव्हते. सामूहिक कृतीकडे त्यांचाच ओढा अधिक होता. पुढे हॅना लेव्हेन्सन यांनी १९७४ मधील निबंधात ‘बाह्य’ची दोन शकले केली: योगायोग आणि प्रबळ इतर. सत्ता दुसऱ्याच्या हाती असली तरी तो दुसरा माणूसच असतो, त्याच्याशी झगडता येते. प्रस्तुत लेखकाला या साऱ्या इतिहासातील निर्णायक पाऊल हेच वाटते. कारण त्यामुळे राजकीय जाण ही स्वभावातील परावलंबित्व म्हणून मोजली जाण्याचे टळले.

१२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सुमारे दहा लाख लोक जमले. पुढच्याच वर्षी टॉम टायलर व कॅथलीन मॅकग्रॉ यांनी दोन वृत्तींमधला भेद मांडला. चळवळीतील कार्यकर्ते युद्ध टाळता येते असे मानत. स्वसंरक्षणाची तजवीज करणारे त्यातून वाचता येते असे मानत. त्याच दशकात केवळ अणुयुद्धाविषयीच्या नियंत्रणभावनेसाठी स्वतंत्र मापनश्रेणीही रचल्या गेल्या.

त्याच १९८३ च्या २६ सप्टेंबरला सोव्हिएत इशारा-यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचे दर्शवले, आणि स्तानिस्लाव पेत्रोव या लेफ्टनंट कर्नलने तो इशारा खोटा असल्याचा निर्णय घेतला. ही गोष्ट जगाला कळली ती सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश, त्या रात्री कामावर असलेला अधिकारी आणि त्याची विवेकबुद्धी: योगायोग, प्रबळ इतर व स्वतः, हे तिन्ही रकाने येथे एकमेकांत मिसळतात.

हे रकाने मराठीत आणू पाहणाऱ्याची अडचण निराळी. ‘योगायोग’ निर्हेतुक असतो, पण ‘दैव’ तसे नसते. प्राक्तन म्हणजे पूर्वकर्माचेच फळ; तेव्हा दैवावर खूण करणाऱ्याला बाह्य म्हणावे की आंतरिक? त्याहून बिकट प्रश्न क्रियापदाचा आहे. मराठीत युद्ध बहुधा ‘पेटते’ किंवा ‘भडकते’, आणि मग पेटवणारा वाक्यात उरत नाही. लेव्हेन्सन यांनी वेगळा काढलेला ‘प्रबळ इतर’ जपायचा असेल, तर अनुवादकाला युद्ध ‘पुकारतात’ असेच लिहावे लागेल.