नाणे नव्हे, पदक

आठवीत इतिहासाच्या सरांनी एक शिवराई वर्गभर फिरवली आणि विचारले होते, "नाणं कोणाची आठवण ठेवतं?" आम्ही म्हणालो, "राजाची."

पुढे मी न्यू जर्सीत स्थायिक झालो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत जवळपास ३,००० माणसे गेली. सकाळच्या गाडीत रोज माझ्यासमोर बसणारा एक जण त्यानंतर कधी दिसला नाही. त्याचे नावही मला ठाऊक नव्हते.

२०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. एक औंस चांदीची जास्तीत जास्त २० लाख स्मृतिपदके पाडायची आणि प्रत्येकामागे १० डॉलर अधिभार न्यूयॉर्कच्या स्मारक व संग्रहालयासाठी घ्यायचा, असे ठरले. पदकावर स्मृतिदीप धरलेली स्वातंत्र्यदेवता आणि '२००१–२०११' ही वर्षे आहेत. टाकसाळ सरकारी, पण हे चलन नव्हे. त्यावर दर्शनी मूल्य नाही. मला ते योग्य वाटले. त्या सहप्रवाशाची किंमत कोणत्या आकड्यात लिहिणार?

सर आज नाहीत. मेळाव्याला ते पदक घेऊन येतो आहे. मित्रांनो, शिवराईसारखेच हातोहात फिरवू या.